देवळ्याच्या टीव्हीबद्दल विहीणबाईंना खुलासा

नाशिक,
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

सौ. विहीणबाई झुंबरबाई यांस वत्सलाचा नमस्कार.

तुमच्या गावच्या देवरामच्या टेम्पोतून एक टीव्ही तुमच्या दारात येतो आहे. आमच्या दिनेशच्या आणि तुमच्या रोशनीच्या लग्नात तुम्ही दिलेला तोच हा टीव्ही. आम्ही आहेर परत करत नाही आहोत. हे तुम्हाला कळावे, आणि टीव्ही खाली उतरण्याच्या आधी कळावे, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. तेव्हा देवरामला आधी चहा द्यावा आणि पत्र वाचून संपेपर्यंत टेम्पोचा फाळका उघडू देऊ नये. (तो घाई करील. त्याला दुसरा चहा द्यावा.)

आता रीतीप्रमाणे विचारपूस. खंडेरावांचा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर सांगितलेले व्यायाम ते करत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले की केले म्हणून सांगतात, असे रोशनीकडून कळले. हे बरे नव्हे. तुमची साखर ताब्यात असेल अशी आशा आहे. श्रावणात वीज पडून तुमचा टीव्ही जळला, तेव्हापासून खंडेराव ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून जगाच्या बातम्या विचारतात, हेही कळले. आमच्याकडे सर्व ठीक. सृष्टी पाचवीत आहे, अक्षर वाईट आहे. दिनेश म्हणाला की एवढे पत्र कशाला, फोन कर. पण फोनवर खंडेराव "बरं बरं, ठेवू का" म्हणून चार वाक्यांत आटपतात आणि मला सांगायचे आहे ते चार वाक्यांत मावत नाही. शिवाय फोनवर मी लवकर चिडते.

मूळ गोष्ट १९९५ च्या मे महिन्यातली. दिनेशचे वडील त्याआधी चार वर्षे गेलेले, त्यामुळे लग्नाच्या बैठकीत आमच्या बाजूने बोलणारी मीच होते आणि मी स्पष्ट सांगितले होते की मुलीखेरीज आम्ही काही घेणार नाही. खंडेराव "बरं बरं" म्हणाले. (तेव्हा मला त्यांचे "बरं बरं" माहीत नव्हते.) आणि लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी ट्रॅक्टर थांबला, ट्रॉलीत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग, आणि त्या गोण्यांत नवजात बाळासारखा गुंडाळून ठेवलेला एकवीस इंची रंगीत टीव्ही. मी चिडले. तत्त्व मोडले म्हणून चिडले, हे खरे. पण बोलले ते तत्त्वाविषयी नाही. भरमांडवात मी म्हणाले, "कांद्याच्या गोणीतून आलेला टीव्ही! दोन वर्षं चालला तरी पुष्कळ." आमच्याकडची माणसे हसली. तुमच्याकडची हसली नाहीत. खंडेरावांनी फेटा नीट केला आणि ते पंगतीत वाढायला गेले.

त्यांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. भांड्यांवर नावे घालणारा माणूस ते गुरगुरणारे यंत्र घेऊन तिथे बसला होता. हंडा, कळशी, ताटे, पेले, सगळ्यांवर नावे घालून झाली. तो रिकामा बसलेला पाहून खंडेरावांनी टीव्हीवरही नाव घालून घेतले. मागच्या बाजूला घातले असते तर निभावले असते. पुढे घातले, काचेच्या खाली, अगदी कंपनीच्या नावाच्या शेजारी: 'चि. सौ. कां. रोशनीस, देवळा येथील श्री. खंडेराव यांजकडून सप्रेम.' म्हणजे बातम्या लागल्या की खाली खंडेराव, क्रिकेट लागले की खाली खंडेराव. मी तिसऱ्याच दिवशी वह्यांना घालायच्या खाकी कागदाची पट्टी कापून त्या नावावर चिकटवली आणि घरात सांगितले की धूळ आत जाऊ नये म्हणून लावली आहे. धूळ तिथून आत जात नाही. हे मला तेव्हाही माहीत होते.

त्यानंतर दर आखाजीला (आम्ही अक्षय्य तृतीया म्हणतो) तुम्ही रोशनीबरोबर मलाही बोलावत आलात आणि दर आखाजीला मला काही ना काही काम निघाले. एका वर्षी पेपर तपासायचे होते, एका वर्षी नळाला मीटर बसवायचे होते. निवृत्त झाल्यावर पेपर संपले, तेव्हा पाठ दुखू लागली.

आता टीव्हीविषयी नीट सांगते, कारण तेरा वर्षांत मी त्याच्याविषयी एक चांगला शब्द देवळ्याला कळवलेला नाही. एकतीस वर्षे मी मुलींना विज्ञान शिकवले आणि निरीक्षण असेल तसे लिहावे, आवडेल तसे नाही, हे दर वर्षी फळ्यावर लिहून दिले. त्या न्यायाने लिहिते. या टीव्हीत काळा रंग काळा दिसतो. ही साधी गोष्ट वाटेल, पण नव्या टीव्हीत काळा रंग धुऊन धुऊन विटलेल्या छत्रीसारखा दिसतो, तेव्हा तिची किंमत कळते. माणसाच्या कातडीचा रंग माणसाच्या कातडीसारखा दिसतो. चेंडू सीमेकडे जाताना चेंडूच राहतो, मागे शेपूट काढत नाही. समोरून बघा, दारातून बघा, स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना मान वाकडी करून बघा, चित्र तेच. आणि टिकाऊपणा! उन्हाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब इतका खाली येतो की पंखा मोजता येतो (पाती एक, दोन, तीन). अशा वेळी हा टीव्ही काय करतो, तर चित्र दोन्ही बाजूंनी थोडे आत घेतो, गर्दीच्या एसटीत अंग चोरून बसणाऱ्या सभ्य माणसासारखा, आणि चालू राहतो. भारनियमनात दिवसातून चार चार वेळा वीज जाऊन आली. त्याने एकदाही तक्रार केली नाही. दोष नाहीत असे नाही. चालू केल्यावर जागा व्हायला थोडा वेळ घेतो. दुपारी खिडकी उघडी असली तर चित्रापेक्षा समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी जास्त दिसतात. लाल रंग कडेला किंचित पसरतो. काच धूळ ओढते. वजन इतके आहे की दसऱ्याला त्याच्यामागचे जाळे काढायला दोन पुरुष लागतात आणि त्यातला एक नंतर दोन दिवस कंबर धरून असतो. पण दोन पुरुषांना न हलणारी वस्तू सहज पडतही नाही, हाही गुणच म्हणायचा.

आता कबुली. २००३ च्या मार्चमध्ये, विश्वचषकाच्या ऐन दिवसांत, हा टीव्ही बिघडला होता ते तुम्हाला आठवत असेल. चित्राचा डावा भाग हिरवा झाला आणि उजवीकडचा एक कोपरा जांभळा. गोलंदाज निरोगी माणसासारखा धावत यायचा आणि चेंडू टाकेपर्यंत हिरवा व्हायचा. मी रोशनीसमोर म्हणाले की शेवटी माल बोलतोच. तिने ते घरी कळवले नाही, पण दिनेशने फोनवर हसत हसत खंडेरावांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीने आमच्या दारात. मी म्हटले, बघा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, दहा मिनिटे शांतपणे हिरवी मॅच पाहिली आणि म्हणाले, "हिरवा ते वावरना रंग शे, ताई. वाईट काय शे त्यामा?" मग टीव्ही रिक्षात घालून, स्वतः त्याच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत, द्वारका चौकातल्या यादव मिस्त्रींच्या दुकानात घेऊन गेले. संध्याकाळी परत आणला तो ठणठणीत. मी विचारले काय झाले होते, तर म्हणाले, "आमना मालमाच दोष व्हता, ताई. आते नीट शे."

मी म्हणाले, "मी म्हणतच होते."

वास्तविक झाले होते ते असे. सृष्टी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने विचारले की टीव्हीत चित्र कुठून येते. मी तिला सांगितले की काचेमागून बारीक कण वेगाने येऊन पडद्यावर आपटतात आणि लोहचुंबकाने त्यांची वाट वाकवता येते. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण प्रयोगाशिवाय शिकवणे मला कधी पटले नाही. शाळेने निरोपाच्या वेळी दिलेला मोठा नालचुंबक माझ्याकडे होता. तो काचेवर धरला. वृत्तनिवेदिकेचे डोके इंद्रधनुष्यासारखे वाकले, सृष्टीने टाळ्या वाजवल्या, मीही (हे लिहायला नको, पण निरीक्षण आहे) आणखी दोनदा करून दाखवले. चुंबक काढल्यावर रंग जागेवर आले नाहीत. मी चुंबक गव्हाच्या डब्यात ठेवला. सृष्टीला सांगितले की हा आपला प्रयोग आहे आणि प्रयोगाचे निष्कर्ष घाईने जाहीर करायचे नसतात. तिने अद्याप जाहीर केलेले नाहीत. हा गुण तिला तुमच्या बाजूने आला असावा.

मला वाटत होते की हे आम्हा दोघींखेरीज कोणाला माहीत नाही.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला दिनेशने नवा सपाट टीव्ही आणला, भिंतीवर टांगायचा. सगळे खूश. मी म्हटले, आधी तुलना करू. केबलवाल्याकडून एकाची दोन टोके करून घेतली, दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावले, सर्वांना एकेक कागद दिला आणि दहापैकी गुण द्यायला सांगितले. नव्यावर सगळी माणसे आडवी ताणल्यासारखी दिसत होती, बातम्या देणारी किडकिडीत मुलगी चार बाळंतपणे झाल्यासारखी. बाजूला बसले की चेहरे काळवंडत. अक्षरे मात्र स्वच्छ, चष्म्याशिवाय वाचता येणारी. ते गुण मी दिले. दिनेशने नव्याला नऊ दिले, कारण तो त्यानेच आणला होता. सृष्टीने नव्याला दहा दिले, कारण तो बारीक आहे. (हे विचारले नव्हते.) रोशनीने कोरा कागद दिला. मी म्हटले, हे काय? ती म्हणाली, "आई, माझ्या माहेरचा टीव्ही तेरा वर्षं परीक्षाच देतोय. आता मी काय मार्क देऊ त्याला?" आणि कुकर लावायला आत गेली. तेरा वर्षांत ती मला उलटून बोलली असेल तर एवढेच. तुम्ही मुलीला चांगले वळण लावले आहे, हे मी याआधी कळवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस जुना टीव्ही न्यायला आला, कारण नव्याच्या बदल्यात जुना द्यायचा असे दिनेशने ठरवले होते. त्याने मॉडेल नंबर शोधायला म्हणून अंगठ्याच्या नखाने माझी खाकी पट्टी टरकन काढली आणि मोठ्याने वाचले, "देवळा येथील श्री. खंडेराव. हे कोण, मॅडम?" मी म्हटले, आमचे व्याही. तो म्हणाला, "नाव असलं तरी चालतं. भंगारातच जायचं. गोडाऊनला असले अडीचशे पडलेत, एकावर एक." एकावर एक अडीचशे, आणि त्यांच्या तळाशी खंडेराव, सप्रेम. मी त्याला म्हटले, हा टीव्ही मिळणार नाही. तो म्हणाला, साहेबांनी लिहून दिलंय. मी म्हटले, साहेब माझा मुलगा आहे. त्याला चहासुद्धा दिला नाही. दिनेश संध्याकाळी चिडला. "आई, तूच ना म्हणत होतीस दोन वर्षांत जाईल?" मी त्याला व्हरांड्यातले दिवे बघायला पाठवले.

तुमचा टीव्ही जळलेला आहे, हा चालू आहे, देवळ्याला पाठवू, असे तेव्हाच मनात आले. पण तपासल्याशिवाय वस्तू देणे मला पसंत नाही, म्हणून यादव मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी मागचे झाकण उघडले. आत एक कांद्याचे वाळके टरफल निघाले, तेरा वर्षांचे. ते उचलून त्यांनी उजेडात धरले आणि म्हणाले, "मॅडम, ट्यूब एक नंबर आहे अजून. आता असा माल येत नाही. अन् त्या लोहचुंबकाचाही डाग राहिला नाही बघा."

मी विचारले, कोणत्या लोहचुंबकाचा?

ते म्हणाले, "तुमच्या व्याह्यांनी आणला होता ना टीव्ही तेव्हा. मी बघितलं अन् सांगितलं, याला कुणीतरी चांगला दणकट चुंबक लावलाय. ते हसले पोट धरून. म्हणाले, आमच्या विहीणबाई सायन्सच्या मास्तरीण आहेत. मग म्हणाले, यादव, हे आपल्या दोघांतच राहू द्या. बाईंना कळायला नको की मला कळलं."

विहीणबाई, त्या माणसाने माझी चूक रिक्षात लटकत द्वारकेला नेली, दुरुस्त करून आणली, माझ्या तोंडावर स्वतःच्या मालाला नावे ठेवली आणि मी त्यांना "मी म्हणतच होते" असे ऐकवले. पाच वर्षे ते गप्प आहेत. तुम्हालाही सांगितले आहे की नाही, मला माहीत नाही. सांगितले असेल आणि तरीही तुम्ही दर आखाजीला मला बोलावत राहिला असाल, तर मला आणखीच काही सुचत नाही. मला माफी मागण्याची सवय नाही. ती या पत्रात नीट मागितली गेली नसेल तर जेवढी आहे तेवढी घ्यावी.

आता अडचण अशी होती की तुमचेच नाव असलेला टीव्ही तुमच्याच दारात आला तर गाव काय समजेल? आणि दिलेली वस्तू खंडेराव परत घ्यायचे नाहीत, हे तर रोशनीनेच सांगितले. म्हणून मी भांडीबाजारात गेले आणि नावे घालणाऱ्याला रिक्षात बसवून यंत्रासकट घरी आणले. तो म्हणाला, "बाई, मी टीव्हीवर नाव घालत नाही." मी त्याला खंडेरावांची ओळ दाखवली. त्याने ती बोट फिरवून पाहिली, अक्षर चांगलं आहे म्हणाला आणि बसला. मजकूर मी कागदावर लिहून दिला होता. आता खंडेरावांच्या ओळीच्या खाली दुसरी ओळ आहे: 'श्री. खंडेराव यांस श्रीमती वत्सला यांजकडून. तेरा वर्षे उत्तम चालला. मार्च २००३ चा बिघाड माझ्या हातून.' तो म्हणाला, "सप्रेम घालू ना शेवटी? सगळे घालतात." मी कागद परत घेऊन एकदा वाचला. मग म्हटले, घाला.

तेव्हा हा परत केलेला आहेर नाही. हा माझा आहेर आहे, नवा, नाव घातलेला. टीव्ही खाली उतरवू द्यावा की नाही, हे आता तुम्ही ठरवावे. उतरवला तर मला सर्व पोचले असे समजेन. नाही उतरवला तर तेही समजेन, आणि तुम्हाला दोष देणार नाही.

खंडेरावांना नमस्कार. व्यायाम करायला सांगावे.

आपली,
वत्सला

ता. क. हे सर्व पत्र खंडेरावांना वाचून दाखवू नये. फक्त लोहचुंबकाचा परिच्छेद दाखवावा. पाठ दुखण्याचा भाग अजिबात नको.

ता. क. दुसरा. जुना टीव्ही नव्या जागी लावला की पहिले आठ दिवस त्याचे रंग हलतात. त्याची सवय असलेले कोणीतरी जवळ असलेले बरे. यादव मिस्त्रींना सवड नाही, दिनेशला रजा नाही. विचार करता घरात रिकामी अशी मीच उरते.

ता. क. तिसरा. रंग हलत नाहीत. वरचे निरीक्षण खोटे आहे आणि खोडून टाकले तर पान खराब दिसेल, म्हणून ठेवले. मला यायचे आहे.

देवरामच्या ताब्यात आज सकाळी नऊ वाजता दिलेल्या वस्तू, त्याच्यासमोर मोजून: टीव्ही एक, दोन गाद्यांमध्ये बांधलेला. (गाद्या परत नकोत.) रिमोट एक, मागचे झाकण रबराने बांधलेले. विजेचा दाब सांभाळणारा डबा एक. यादव मिस्त्रींचे प्रमाणपत्र एक, सहीशिक्क्यासह. नालचुंबक एक, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. तो टीव्हीपासून कमीत कमी दहा फूट लांब ठेवावा किंवा विहिरीत टाकावा. निळी बॅग एक: चार साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, वाचायचा चष्मा. ही बॅग माझी आहे. देवराम गुरुवारी कांदा घेऊन पुन्हा नाशिकला येतो. बॅग परत आली नाही तर मी शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघते.